आजोबांच्या डब्यातली परदेशी नाणी सराफाला वजनावर द्यावीत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आजोबा बोटीवर खलाशी होते. त्यांच्या माघारी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात साठ-सत्तर नाणी निघाली, काही चांदीची, काही तांब्या-ब्राँझची, बहुतेक परदेशी. सराफ म्हणतो, चांदीची वजनावर घेतो, बाकीची भंगारात घाला. आणि मोबाइलवर कुणीतरी सांगतंय की त्यातलं १७८० सालचं एक नाणंच लाखांत जाईल. खरं कोण?

पूर्ण खरं कुणीच नाही, पण दोघांत सराफ खऱ्याच्या जास्त जवळ आहे. अशा डब्यातली निम्मी चांदी खरोखरच वजनाच्या लायकीची असते. उरलेल्या निम्म्यात काय आहे हे न बघता काट्यावर टाकलंत, तर मात्र नुकसान तुमचं.

त्याआधी एक विनंती. नाणी घासू नका. मी आठवीत असताना मामांनी मला व्हिक्टोरिया राणीची १८९७ ची एक पेनी दिली होती. छान तपकिरी, गुळाच्या ढेपेसारखा रंग. मी काय केलं, तर चिंच-मीठ लावून देवाच्या तांब्यासारखी घासली. पंधरा मिनिटं ती गुलाबी चकाकली, मी घरभर दाखवत फिरलो. महिनाभरात ती काळवंडली, तीही सारखी नाही, ठिपक्याठिपक्यांनी. तो तपकिरी थर बसायला ऐंशी-नव्वद वर्षं लागली होती आणि संग्राहक पैसे मोजतो ते त्या थरासकट नाण्याला. चांदीचंही तेच. काळपट झालेला जुना रुपया बघून घरातल्या बाईमाणसांचे हात शिवशिवतात, त्यांना आधी सांगून ठेवा.

ब्राँझच्या नाण्यावर फिकट हिरवी, नखाने उकरली तर भुकटी निघते अशी पुळी दिसली, तर ते नाणं लगेच बाजूला काढा. तो नुसता गंज नव्हे. धातूत मुरलेला क्षार आणि हवेतला ओलावा मिळून नाणं आतून पोखरतात. तुम्ही कोकणातले असाल तर हे पावसाळ्यात हमखास वाढतं. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटांत तर नाणी ठेवूच नका, ती पाकिटं काही वर्षांनी चिकट हिरवा लेप सोडतात.

आता डबा ओता. सतरंजीवर, फरशीवर नको. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा ऑनलाइन चार-पाचशेत मिळतो, तो घ्या. आणि देश व सन बघून ढीग करा, कारण चांदी किती हे बऱ्याच देशांत सनावरूनच कळतं.

इंग्लंडची नाणी घ्या. शिलिंग, फ्लोरिन, हाफ क्राउन, जे असेल ते. १९१९ पर्यंतची ९२.५ टक्के चांदीची, १९२० ते १९४६ ची ५० टक्क्यांची, १९४७ पासूनच्या नाण्यांत चांदी नावालाही नाही, तांबं आणि निकेल. राजा तोच, छाप जवळपास तीच, आणि किमतीत जमीन-अस्मान. आपल्या रुपयाचं गणितही तसंच. ११.६६ ग्रॅमचा रुपया १९४० च्या आधी ९१.७ टक्के चांदीचा होता, म्हणजे १०.६९ ग्रॅम शुद्ध. १९४० मध्ये चांदी निम्म्यावर आली, १९४७ चा रुपया निकेलचा. (तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम हे वजन आलं ते या रुपयावरूनच. आमच्या गावचा सोनार कितीतरी वर्षं बंदा रुपया पारड्यात टाकूनच तोळा मोजायचा.) पूर्व आफ्रिकेचा सिंहाचा शिलिंग डब्यात असेल, खलाशांच्या डब्यात तो असतोच. दिसतो चांदीचा, पण जॉर्ज पाचव्याच्या त्या शिलिंगात चांदी पाव हिस्साच. अमेरिकेचे डाइम, क्वार्टर १९६४ पर्यंतचे ९० टक्क्यांचे.

हे झालं की तुमच्याकडे तळाची किंमत येते. शुद्ध चांदीचे ग्रॅम गुणिले आजचा भाव. याच्या खाली कुणाला देऊ नका. सराफ घट धरेल, ते समजू शकतो, पण इंग्लंडच्या १९१० च्या नाण्याला ५० टक्के टंच (शुद्धता) सांगू लागला तर उठून या.

आता ते १७८० चं. मोठं, सुमारे चार सेंटिमीटर रुंदीचं, एका बाजूला भरदार बांध्याची डोक्यावर पदर घेतलेली बाई, मागे दोन डोक्यांचा गरुड? तर ती ऑस्ट्रियाची महाराणी मारिया थेरेसा, आणि नाणं म्हणजे तिच्या नावाचा थालर. ती वारली १७८० मध्ये. अरबस्तान आणि इथिओपियाच्या बाजारात लोकांचा या नाण्यावर इतका विश्वास बसला होता की दुसरं नाणं ते घेईनात. मग टांकसाळींनी सनच गोठवला. आजतागायत त्यावर १७८० च छापतात. व्हिएन्नाने तर छापलंच, पुढे मुसोलिनीने इथिओपियावर डोळा ठेवून १९३५ पासून रोममध्ये छापलं, लंडनने छापलं, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आपल्या मुंबईच्या टांकसाळीनेही छापलं. येमेनी कॉफीचा व्यापार याच्यावर चालायचा, एडनच्या बाजारात ते सर्रास मिळायचं. तुमच्या आजोबांची बोट एडनला लागत असणार, दुसरं काय. तर या नाण्याला २३.४ ग्रॅम चांदीची किंमत आणि वर थोडंसं. लाख विसरा. नेमकं कुठल्या टांकसाळीचं हे राणीच्या पिनेवरचे मोती, गरुडाच्या शेपटीची पिसं असं मोजून ओळखणारे लोक आहेत आणि काही जुने प्रकार खरंच महाग आहेत, पण बोटीवरच्या डब्यात तसा निघणं म्हणजे मटका लागणं.

सन जुना म्हणजे किंमत जास्त, हा गैरसमज इतका पक्का आहे की त्यावर एकच दाखला देतो. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळातली छोटी ब्राँझची नाणी, सतराशे वर्षांपूर्वीची, युरोपातल्या दुकानांत साध्या जेवणाच्या बिलाइतक्या पैशांत मिळतात. कारण ती अमाप छापली गेली आणि अजूनही मडकीच्या मडकी सापडतात. उलट आपला १९११ चा जॉर्ज पाचव्याचा रुपया बघा. राजाच्या झग्यावर हत्ती कोरला होता, सोंड आखूड झाल्याने तो डुकरासारखा दिसू लागला. लोक भडकले, सरकारने बहुतेक नाणी परत घेऊन वितळवली आणि १९१२ पासून नीट सोंडेचा हत्ती आला. शंभर-सव्वाशे वर्षांचं नाणं, पण चांगल्या स्थितीतलं असेल तर चांदीच्या कितीतरी पट.

याच्या उलट १९१८ चा रुपया. तो तुमच्या डब्यात निघेलच, सगळ्यांच्या डब्यात निघतो. पहिल्या महायुद्धात सरकारी नोटांवरचा लोकांचा विश्वास डळमळला, जो तो नोट देऊन चांदीचा रुपया मागू लागला आणि सरकारकडे चांदी संपत आली. तेव्हा अमेरिकेने एप्रिल १९१८ मध्ये कायदा करून आपले स्वतःचे चांदीचे डॉलर वितळवले, सुमारे २७ कोटी नाणी, आणि त्यातली बहुतांश चांदी हिंदुस्थानच्या रुपयांसाठी ब्रिटनला विकली. त्या वर्षांतले रुपये कोट्यवधींनी पडले. अमेरिकन संग्राहक आजही त्या डॉलरांसाठी हळहळतात आणि आपण त्या रुपयाची मोड देतो. गुळगुळीत झालेला १९१८, १९१९ चा रुपया सराफाला द्यायला माझी काही हरकत नाही.

मग किंमत कशावर ठरते? ते विशिष्ट सन आणि टांकसाळ किती उरलीय, ती हवी असणारे किती आहेत, आणि तुमचं नाणं किती झिजलंय. तिसरं सगळ्यात जास्त फसवतं. नुसत्या डोळ्यांना 'छान' दिसणारं नाणं दहापट भिंगाखाली धरा. खिडकीपाशी, तिरप्या उजेडात. जॉर्जच्या मुकुटावरचे मोती एकेक सुटे दिसतात की त्यांची एक रेघ झालीय? झग्यावरच्या हत्तीचे पाय मोजता येतात का? आणि नाण्याच्या मोकळ्या जागेत बारीक समांतर ओरखडे दिसले, तर कुणीतरी कधीतरी ते घासलंय. कडेवर वरच्या बाजूला कडी झाळून लावल्याचा उंचवटा असेल, तर ते कुणाच्या तरी गळ्यात होतं. असं नाणं पुन्हा चांदीच्या ढिगात.

नकली नाण्यांचं थोडं सविस्तर लिहितो, कारण तिथे मी स्वतः पैसे घालवलेत. मुंबईत एका रविवारी फुटपाथवरच्या विक्रेत्याकडून मी स्पेनच्या चौथ्या कार्लोसचं ८ रेआलचं नाणं घेतलं, १७९५, मेक्सिकोच्या टांकसाळीचं. हे म्हणजे त्या काळचं जगाचं चलन, मनिलापासून बोस्टनपर्यंत चालायचं. मी काही अगदीच कच्चा नव्हतो. लोहचुंबक लावला, चिकटलं नाही. खिशातल्या काट्यावर ठेवलं, २७ ग्रॅम. असायला हवं २७.०७. झिजेने इतका फरक पडतोच म्हणून खूश होऊन घरी आलो.

रात्री स्वयंपाकघरात ओट्यावर काटा ठेवला, त्यावर पाण्याचा पेला, काटा शून्यावर आणला. नाणं शिवणाच्या दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असं हातात धरलं. अशा वेळी काटा दाखवतो ते नाण्याने सारलेल्या पाण्याचं वजन. ९० टक्के चांदीच्या त्या वजनाच्या नाण्यासाठी २.६ च्या आसपास यायला हवं. काटा म्हणाला ३.१. दोरा सारखा करून पुन्हा केलं, पुन्हा ३.१. सत्तावीस भागिले ३.१ म्हणजे ८.७, हा तांब्याच्या जातीचा आकडा. चांदीचा १०.३ च्या पुढे मागे. म्हणजे पितळेसारखं काहीतरी, वर चांदीचा मुलामा, आणि वजन भरायला नाणं किंचित जाड केलेलं. दुसऱ्या दिवशी ओट्यावर खऱ्या रुपयाशेजारी टाकून वाजवलं. रुपया खणखणला, हे बद्द वाजलं. आता ते माझ्या टेबलावर कागदांवर ठेवायला वापरतो. तुमच्या डब्यातल्या प्रत्येक मोठ्या नाण्याची पाण्याची परीक्षा घ्या, नाण्याला काही होत नाही, नंतर टिपून कोरडं करा, पुसू नका.

दुसरी नकली जात आपल्याकडची खास. ईस्ट इंडिया कंपनीचं नाव, १६१६ किंवा १८१८ असं साल आणि मागे रामदरबार किंवा हनुमान. कंपनीने असलं नाणं कधीही पाडलेलं नाही, ते जत्रेतले बिल्ले. हेच बिल्ले 'तांदूळ ओढणारं नाणं' म्हणून लाखोंना विकणाऱ्या टोळ्या आहेत. आणि जुनी नाणी रिझर्व्ह बँक विकत घेते, आधी नोंदणीचे पैसे भरा, असं सांगणारा फोन आला तर ठेवून द्या. रिझर्व्ह बँकेनेच २०२१ मध्ये पत्रक काढून यापासून सावध केलंय.

भाव बघताना विक्रेत्याने मागितलेली किंमत बघू नका, ती कुणीही काहीही मागतो. लिलाव संस्था झालेल्या लिलावांचे निकाल संकेतस्थळावर ठेवतात. तुमच्या नाण्याचा तोच सन, तीच टांकसाळ आणि जवळपास तेवढीच झीज असलेले तीन-चार निकाल काढा, त्यातून लिलाववाल्याचं कमिशन वजा करा. व्यापारी त्याहूनही कमी देईल, त्यालाही दुकान चालवायचंय. नाण्यांना डोळा सरावावा म्हणून नाशिकजवळ अंजनेरीचं नाणे संग्रहालय आणि मुंबईत फोर्टातलं रिझर्व्ह बँकेचं चलन संग्रहालय बघून या. एका दिवसात जितकं कळतं तितकं माझ्या उत्तराने कळणार नाही.

परदेशातला कुणी जास्त देतो म्हणाला तरी शंभर वर्षांहून जुनं नाणं टपालाने पाठवू नका. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने ते गुन्हा ठरतं. (घरातल्या डब्यातलं ठीक आहे, पण शेतात किंवा पाया खणताना नाणी सापडली तर कलेक्टरला कळवावं लागतं, तो कायदा १८७८ पासूनचा आहे.)

ब्राँझची नाणी भंगारात घालू नका हे राहिलंच. इंग्लंडच्या पेन्या, मलायाकडचे चौकोनी सेंट, पूर्व आफ्रिकेची हस्तिदंतांचा छाप असलेली भोकाची नाणी, यांना फार पैसे येणार नाहीत, पण भंगारवाला देईल त्याहून घरातल्या एखाद्या पोराच्या हातात ती जास्त शोभतील.

आणि एक बघून सांगा. हाँगकाँग-सिंगापूरकडचा डॉलर आहे का डब्यात? उभी बाई, एका हातात त्रिशूळ, दुसऱ्यात ढाल, मागे गलबत, आणि पाठीवर चिनी अक्षरं. वजन २६.९५ भरायला हवं. चीनच्या व्यापारासाठी १८९५ पासून हे डॉलर बहुतेक मुंबईच्या टांकसाळीतच पडले. त्रिशुळाच्या मधल्या दातावर भिंगाने बघा, बारीक इंग्रजी 'बी' अक्षर दिसेल. चिनी सावकारांचे ठोकलेले शिक्के असतील तर घाबरू नका, किंमत थोडी उतरते पण मुद्दाम तसलेच जमवणारेही आहेत. साल १९२१ किंवा १९३५ असेल तर सराफाकडे पाऊलही टाकू नका. पाण्याची परीक्षा घ्या, २.६ आलं तर दोन्ही बाजूंचा आणि कडेचा फोटो इथे टाका.