रबराच्या कड्यात सोनं लपवणाऱ्याला दागिने घडवणारा म्हणायचं का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. स्विस कलाकार ओटो क्युन्झलीनं काळ्या रबरी नळीत सोन्याची गोळी दडवून कडं केलं, ही कला की थट्टा? आणि असली कामं करून माणसाचं पोट भरतं कसं? मी 14 वर्षं सोनारकाम करतोय, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नाबद्दल मलाही कुतूहल होतं. त्याचं उत्तर छोटं आहे, ते आधी उरकतो.

क्युन्झली 1948 सालचा, झ्यूरिकचा. तिथे रीतसर हस्तकला शिकला, मग म्युनिकच्या ललित कला अकादमीत हेरमान युंगरच्या हाताखाली गेला. 1991 मध्ये युंगरच्याच जागी प्राध्यापक झाला आणि 2014 पर्यंत शिकवत राहिला. म्हणजे निदान तेवढा काळ तरी चूल कड्यांच्या विक्रीवर पेटत नव्हती. या क्षेत्रात बहुतेकांचं असंच असतं. कुणी शिकवतं, कुणी दिवसा दुरुस्त्या करतं.

आता ते कडं. साल 1980, नाव ‘गोल्ड माख्ट ब्लाइंड’, म्हणजे सोनं आंधळं करतं. दिसायला काळी नळी, एका ठिकाणी फुगवटा. बस. पहिल्यांदा फोटो पाहिला तेव्हा मी हसलो होतो, खोटं कशाला बोलू. मग एकदा एक गिऱ्हाईक तुटलेली साखळी घेऊन आलं. डाक लावायला दहा मिनिटं लागणार होती, पण तो माणूस खुर्ची ओढून माझ्या हातांकडे एकटक बघत बसला, मी सोनं बदलेन की काय म्हणून. राग आला नाही, आम्हाला त्याची सवय असते. पण त्या रात्री मला ते कडं कळलं.

आमच्या धंद्यात सगळं तपासता येतं. कस लावा, वजन करा, शिक्का बघा. या कड्यात सोनं आहे की शिसं, हे बघायचं तर नळी कापावी लागेल, आणि कापलं की काम संपलं. (क्ष-किरणात गोळी दिसेल म्हणा, पण ती सोन्याची की शिशाची, हे साध्या एक्स-रेत सहज कळत नाही.) म्हणजे घालणाऱ्यानं नुसत्या शब्दावर विश्वास ठेवायचा. आणि लोकांना दाखवण्यासाठीच तर सोनं घालतात. इथे तेच काढून घेतलंय. श्रीमंती आहे, पण मिरवता येत नाही. थट्टा आहेच यात, मी नाही म्हणत नाही. फक्त ती गिऱ्हाइकाची नाही, सोन्याची आहे.

पण एवढ्यावरच त्याचं नाव झालं असतं, तर मी इतकं लिहिलं नसतं. माझ्या मते त्याचं सगळ्यात जबर काम वेगळंच आहे: 1985-86 मधली ‘केटं’, म्हणजे साखळी. लग्नाच्या 48 वापरलेल्या अंगठ्या एकमेकींत गुंतवून केलेला हार. 1881 ते 1981, शंभर वर्षांतल्या अंगठ्या. तिकडे लग्नाच्या अंगठीच्या आतल्या बाजूला नाव नि तारीख कोरायची पद्धत आहे. आणि बंद अंगठ्या साखळीसारख्या ओवायच्या तर एकीआड एक कापून पुन्हा जोडावीच लागते. हे कापणं माझ्या हाताला जाणवतं. मोडीत आलेल्या अंगठ्या मी मुशीत टाकतो, मिनिटभरात तारीख विरघळते, आणि मला काही वाटत नाही. क्युन्झलीनं त्या वितळवल्याच नाहीत. सोनं अस्सल, घडण साधी, पण गळ्यात घालायचं म्हटलं तर अंगावर काटा येतो. 48 घरांचं काय झालं असेल? फुकट दिला तरी मी तो हार घालणार नाही. दागिना घालवत नाही तो सोन्यामुळे नव्हे, त्यात मुरलेल्या माणसांमुळे, हे मला कुठल्याही भाषणानं पटवून दिलं नसतं.

बाकी कामं भराभर सांगतो. 1980 चीच ‘दोन माणसांसाठी अंगठी’: एका दांडीच्या दोन टोकांना दोन कडी, घातली की दोघं एकमेकांना बांधलेले. मग भिंतीच्या वॉलपेपरमध्ये गुंडाळलेले ठोकळे, ब्रोच म्हणून छातीवर. 1984 ची ‘सौंदर्य-दालन’ मालिका, ज्यात बायकांच्या गळ्यात चक्क चित्राच्या चौकटी आहेत. बव्हेरियाच्या राजा लुडविगनं म्युनिकमध्ये 36 सुंदर स्त्रियांची चित्रं काढून घेतली होती, त्याला हा टोमणा. वॉलपेपरवाले ब्रोच मला फारसे भावत नाहीत. विनोद एकदा कळला की उरत नाही. नव्वदच्या दशकात त्यानं सोन्याच्या एका कामाला ‘कोस्तिकतेओक्वितलात्ल’ असं नाव दिलं. हा सोन्यासाठीचा मेक्सिकोतल्या नावात्ल भाषेतला शब्द, अर्थ साधारण ‘देवाची पिवळी विष्ठा’. आमच्या पेढीवर अशी पाटी लावायची माझी फार इच्छा आहे.

तर हो, मी त्याला दागिने घडवणाराच म्हणेन. 2013 मध्ये म्युनिकच्या ‘पिनाकोथेक डेर मोडर्ने’ या संग्रहालयात त्याच्या कामाचं मोठं प्रदर्शन झालं, पण मी म्हणतो ते त्यामुळे नाही. कुठे कापायचं आणि कुठे हात लावायचा नाही, हे त्याला कळतं, म्हणून.

एक गोष्ट मात्र मला अजून छळते. सोन्याला काही होत नाही, रबर मात्र म्हातारं होतं, कडक होतं, तडकतं. एखाद्या दिवशी एखाद्या कड्याला चीर जाईल आणि आत पिवळं चमकेल. ते दुरुस्तीला माझ्याकडे आलं, तर नळी बदलू की तसंच परत देऊ?