मोहिमेचं मूल्यमापन मोहिमेच्या आधीच सुरू करा

राष्ट्रीय सेवा योजनेतर्फे चार कनिष्ठ महाविद्यालयांत मानसिक आरोग्याची मोहीम घ्यायची आहे, पोस्टर, पथनाट्य, रील्स सगळं ठरलंय, शेवटी फीडबॅक फॉर्म भरून घेणार आहोत, तर त्यात काय विचारावं, असा तुमचा प्रश्न आहे. अजून सुरुवात झालेली नाही हे फार बरं. शेवटी भरून घेतलेल्या फॉर्मवरून कार्यक्रम आवडला एवढंच कळतं, आणि सर समोर उभे असले की मुलं तसं लिहितातच.

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात २००१ मध्ये १२ ते २५ वयाच्या मुलामुलींसाठी 'कंपास' नावाची मोहीम सुरू झाली. मोहीम चालवणाऱ्यांनी आधी फोनवरून पाहणी केली. मोहिमेच्या भागातले ६०० जण घेतले आणि जिथे मोहीम नव्हती अशा भागातलेही ६०० घेतले. १४ महिन्यांनी दोन्हीकडच्या नव्या ६००-६०० जणांना तेच प्रश्न पुन्हा विचारले. मोहिमेच्या भागात स्वतःचं नैराश्य ओळखणारे आणि त्यासाठी मदत घेतलेले तरुण वाढले होते. दुसरा भाग जोडीला होता, म्हणून हा फरक मोहिमेमुळे पडला असं त्यांना म्हणता आलं.

तुमच्याकडे चार महाविद्यालयं आहेत, म्हणजे हे तुम्हालाही जमेल. दोन ठिकाणी मोहीम आत्ता घ्या, उरलेल्या दोन ठिकाणी पुढच्या सत्रात. मोहिमेआधीची पहिली पाहणी मात्र चारही ठिकाणी एकाच आठवड्यात करा. पहिल्या आणि मोहिमेनंतरच्या दुसऱ्या पाहणीच्या मधल्या काळात परीक्षा येते, निकाल लागतो, एखादी वाईट घटना घडते. मुलांची मनं तेवढ्यानंही हलतात. मुलं हजेरीपटावरून निवडा, दर दहावं नाव घ्या. सभागृहात येऊन बसलेल्यांना विचारलंत तर ज्यांना आधीच रस आहे तीच मुलं सापडतील.

'मानसिक आरोग्याबद्दल तुम्ही जागरूक आहात का?' असला प्रश्न घालू नका. त्यापेक्षा छोटा प्रसंग द्या: तुमच्या वर्गातली एक मुलगी तीन आठवडे डबा तसाच परत नेते, रात्र रात्र जागते, आवडीचं खो-खोही तिनं सोडलंय. तिला काय होत असेल? तुम्ही काय कराल? उत्तरासाठी चार ओळी कोऱ्या सोडा. पर्याय दिलेत की मुलं बरोबर दिसणाऱ्यावर खूण करतात. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत नंबरही असाच विचारा, पोस्टरकडे न बघता आठवतो का ते पाहा.

छापण्याआधी पाच-सहा मुलांकडून प्रश्न मोठ्यानं वाचून घ्या. आमच्या एका पाहणीत आम्ही 'तुम्ही कधी काउन्सेलिंग घेतलं आहे का?' असं विचारलं होतं आणि भराभर 'हो' आले. एका मुलाशी बोलल्यावर उलगडा झाला: तो अकरावीच्या प्रवेशाच्या काउन्सेलिंगबद्दल सांगत होता! मग आम्ही 'मनाच्या त्रासाबद्दल कुणा डॉक्टरांशी किंवा ताई-दादांशी बोललात का' असं लिहिलं, आणि आकडा एकदम खाली आला.

समुपदेशकाकडे महिन्याला किती मुलं आली, त्यांतली किती दुसऱ्यांदा आली, ही नोंद आधीच्या महिन्यांपासून काढून ठेवा. नावं नकोत, नुसते आकडे. समुपदेशक आठवड्यातून एकदाच दोन तास येत असतील तर मोहिमेआधी प्राचार्यांशी बोला. धीर करून आलेलं मूल कुलूप बघून परत गेलं तर पुन्हा येईलच असं नाही.

दुसऱ्या पाहणीत 'मला त्रास होतो' म्हणणारी मुलं वाढली तर अहवालात लगेच यश किंवा अपयश लिहू नका. मुलांना आपला त्रास ओळखता यायला लागला, असं असू शकतं. पण जागृतीमुळे काही मुलं साध्या चिंतेलाही आजार समजू लागत असतील, अशी शक्यता लुसी फोक्स आणि जॅक अँड्र्यूज या संशोधकांनी २०२३ मध्ये मांडली आहे. यातलं काय झालं हे नुसत्या आकड्यावरून ठरत नाही. म्हणून रोजचं कामकाज, झोप, अभ्यास यांवरही दोन-तीन प्रश्न ठेवा.

आता एक गोष्ट, जी मी कळकळीनं सांगतो. आमच्या पहिल्या पाहणीत 'जगू नये असं वाटतं का?' हा प्रश्न होता आणि फॉर्म निनावी होते. संध्याकाळी गठ्ठा मोजताना दोन फॉर्मवर 'हो' सापडलं. एकावर पेन इतकं दाबून गिरवलं होतं की कागद फाटला होता. ती मुलं कोण, हे शोधायला आमच्याकडे काहीच मार्ग नव्हता. दुसऱ्या दिवशी वर्गावर्गात जाऊन, कुणाकडेही बोट न दाखवता, कुणाला बोलायचं असेल तर आम्ही दिवसभर ग्रंथालयामागच्या खोलीत आहोत असं सांगितलं. दुपारी एक मुलगी आली. दुसरं मूल आलं नाही.

त्यानंतर असा प्रश्न मी प्रशिक्षित माणूस जागेवर असल्याशिवाय विचारला नाही. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती आधी घ्या. प्रत्येक फॉर्मच्या तळाशी फाडून देता येईल अशी चिठ्ठी ठेवा: 'मला कुणाशी तरी बोलायचं आहे', नाव आणि वर्ग. ती वेगळ्या बंद पेटीत टाकायची, आणि पेटी त्याच दिवशी, मुलं घरी जाण्याआधी उघडायची. ती कोण उघडणार, ते नाव आजच ठरवा.