जुने नियम नव्या ठिकाणी नडत असतील तर ते कसे बदलायचे?

नवी जागा, नवं काम, आणि इतकी वर्षं उपयोगी पडलेल्या सवयीच आता आड येतात, तर त्या सगळ्या सोडून द्यायच्या का, असं तुम्ही विचारलंय. अजिबात नको. बहुतेकदा नियमाचा एकच भाग बिघडलेला असतो.

तो सापडावा म्हणून नियम कागदावर 'कधी, काय, का' अशा तीन तुकड्यांत लिहा. समजा, रस्ता ओलांडताना आधी उजवीकडे बघायचं, कारण जवळची वाहनं तिकडून येतात. वाहनं उजव्या बाजूने चालणाऱ्या देशात यातलं 'का' शाबूत राहतं, फक्त 'काय' उलटं होतं. नवी कृती 'का'मधूनच निघते. ज्या नियमाचं कारणच आठवत नाही, तो सगळ्यात आधी तपासा.

खरी अडचण म्हणजे नियम चुकतोय हे लक्षातच येत नाही. मानसशास्त्रज्ञ अब्राहम लुचिन्स यांनी १९४२मध्ये प्रसिद्ध केलेला भांड्यांचा प्रयोग बघा. २१, १२७ आणि ३ मापांची भांडी वापरून १०० मापं पाणी मोजायचं. १२७मधून २१ एकदा आणि ३ दोनदा काढले की झालं. अशी अनेक गणितं सोडवल्यावर २३, ४९ आणि ३ची भांडी देऊन २० मापं मागितली, तर बहुतेकांनी तोच लांबचा हिशेब केला. २३मधून ३ काढणं त्यांना दिसलंच नाही! म्हणून जुना उपाय दोनदा फसला की जोर वाढवू नका. थांबा, आणि हे काम आज पहिल्यांदाच समोर आलं असतं तर काय केलं असतं, ते लिहून काढा.

मग नवी कृती एखाद्या खुणेला बांधा. 'लक्ष ठेवीन' हा निश्चय टिकत नाही. 'फुटपाथच्या कडेला पाय आला की आधी डावीकडे बघेन' हा टिकतो. 'घाईत असेन तेव्हा' ही खूण कुचकामी, कारण घाईत असताना आपण घाईत आहोत हेच जाणवत नाही.

एका वेळी एकच नियम घ्या आणि घाई करू नका. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला लागलेल्या काळाचा मध्यक ६६ दिवस होता, म्हणजे निम्म्यांना त्याहून कमी आणि निम्म्यांना जास्त दिवस लागले, पण पल्ला १८ ते २५४ दिवसांचा. शिवाय जुनी सवय पुसली जात नाही. थकव्यात ती पुन्हा डोकं वर काढते. गाडी चालवताना हा धोका रिकाम्या रस्त्यावर वळताना जास्त, कारण बाजू कोणती याची आठवण करून द्यायला समोर वाहनच नसतं. तेव्हा पहिले काही आठवडे स्टिअरिंगजवळ बाण काढलेली चिठ्ठी लावा आणि लांबच्या प्रवासाहून आल्या आल्या गाडी हातात घेऊ नका.