विणकाम, क्रॉस स्टिच आणि क्रोशाची खेळणी यांवर पोट भरता येतं का?

प्रश्न: ऑफिसच्या नोकरीला कंटाळले आहे. दोन सुयांवरचं विणकाम आणि क्रॉस स्टिच येतं, हल्ली क्रोशाची छोटी खेळणीही करते. सगळ्यांना फार आवडतात. नोकरी सोडून हेच करावं का?

उत्तर:

पोट भरतं, पण या तिन्ही कामांनी सारखं नाही. मी पुण्यात घरूनच हे करते. माझ्या कमाईत मोठा वाटा खेळण्यांचा, त्याखालोखाल बाळंतविड्याचा (टोपडी, मोजे, झबली, दुपटी). क्रॉस स्टिचचा वाटा जवळजवळ नाहीच, आणि गंमत म्हणजे सगळ्यात जास्त कौतुक त्याचंच होतं.

हिशेब मांडून बघा. चौदा काउंटच्या आयडा कापडावर (क्रॉस स्टिचचं चौकटींचं कापड) इंचाला 14 घरं येतात, एका घरात एक फुली. दहा बाय दहा इंचांचं पूर्ण भरलेलं चित्र म्हणजे 140 गुणिले 140, एकूण 19,600 फुल्या. हात चांगला बसला असेल तर तासाला सव्वाशे-दीडशे फुल्या होतात, म्हणजे एका चित्राला किमान एकशेतीस तास. तासाला फक्त शंभर रुपये लावले तरी तेरा हजार होतात, फ्रेमचे वेगळे. प्रदर्शनात लोक थांबतात, "केवढी चिकाटी हो तुम्हाला!" म्हणतात आणि पुढच्या स्टॉलवर जातात. त्यांना तरी काय बोलणार, तेरा हजार मीसुद्धा दिले नसते. आपल्या आई-मावश्यांनी दोसुतीवर टेबलक्लॉथ भरले ते रुखवतात मांडायला. त्याचे तास कुणी मोजलेच नाहीत, म्हणून ते परवडलं. मी विकायला फक्त बारशाच्या छोट्या रिंगा (गोल चौकटीत बसवलेलं भरतकाम) करते: बाळाचं नाव, जन्मतारीख, कोपऱ्यात एखादा हत्ती. मोठी चित्रं माझ्या स्वतःच्या भिंतीसाठी.

खेळण्यांचं तसं नाही. अमिगुरुमी, म्हणजे कापूस भरलेली क्रोशाची छोटी खेळणी, हा प्रकार जपानमधून आला. एक बारीक सुई, सुती धागा आणि बहुतेक सगळे मुके खांब (क्रोशाचा साधा, आखूड टाका). मॅजिक रिंगमध्ये (ओढून आवळता येणारा धाग्याचा फास) 6 टाके, पुढच्या फेरीत 12, मग 18, मग 24. वाढवणं थांबवलं की वाटी तयार होते, घटवत आणलं की गोळा मिटतो. हे गणित एकदा बोटांत उतरलं की ससा, हत्ती, बेडूक सगळे त्याच गोळ्यांतून निघतात. सुई मात्र धाग्याच्या लेबलवर लिहिलीय त्यापेक्षा बारीक घ्या, नाहीतर आतला कापूस टाक्यांमधून डोकावतो. विणण्यात निम्माच वेळ जातो. उरलेला निम्मा भरणं, कान-पाय शिवणं आणि चेहरा यांत जातो. चेहऱ्याला घाई चालत नाही. डोळे एक ओळ वर सरकले की गोड ससा चिडका दिसायला लागतो.

तीन वर्षांखालच्या बाळासाठी प्लास्टिकचे डोळे लावू नका, दोऱ्याने भरा. त्यांना 'सेफ्टी आय' म्हणतात खरं, पण बाळाने ओढून चावून वीण सैल केली की मागच्या वॉशरसकट ते बाहेर येऊ शकतात. पावसाळ्यात लोकरीचं सामान कपाटात ठेवताना डांबराच्या गोळ्याही टाकू नका, निदान बाळाच्या वस्तूंत तरी नाहीच. काही बाळांमध्ये जी-सिक्स-पीडी नावाच्या एन्झाइमची जन्मजात कमतरता असते आणि या गोळ्यांतल्या नॅफ्थलीनमुळे त्यांच्या रक्तातल्या लाल पेशी फुटू शकतात. मी धुऊन, खडखडीत वाळवून, झाकणाच्या डब्यात ठेवते.

आता एक गोष्ट, जी शिकवणीच्या व्हिडिओंत सहसा कुणी सांगत नाही. 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालच्या मुलांसाठीच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. घरी बसून ससे विणणारीला त्यासाठीची चाचणी कुठून परवडणार! पण विकास आयुक्त (हस्तशिल्प) यांच्या कार्यालयाकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी बनवून विकलेल्या वस्तूंना यातून सूट दिलेली आहे. तिथून कारागिरांना 'पहचान' कार्ड मिळतं. पहिली मोठी ऑर्डर घेण्याआधी त्या नोंदणीची चौकशी करा. आणि कार्टूनमधली पात्रं विणून विकू नका, कितीही मागणी असली तरी. ती पात्रं दुसऱ्याच्या मालकीची आहेत. मी "आमच्या सोनूला तेच हवंय" म्हणणाऱ्यांना माझं साधं मांजर दाखवते. निम्मे लोक घेतात.

भावाचं काय? तळहाताएवढ्या खेळण्याला मला साधारण चार तास लागतात. धागा, कापूस, डोळे रविवार पेठेतून आणले तर शंभर-सव्वाशेचं सामान. तासाचे तेच शंभर धरले तर सव्वापाचशेच्या खाली मी कितीला द्यायचं? तरी "ताई, लोकरीला असे किती पैसे पडतात?" हे ऐकावं लागतंच. (लोकरही नसते ती, सूत असतं.) स्वेटर मशीनवर विणता येतो. क्रोशा मात्र आजही हातानेच होतो, कारखान्यात त्याची यंत्रं नाहीत. बाजारात दीडशे रुपयांना क्रोशाचं अस्वल दिसलं तर ते कुणीतरी हातानेच विणलेलं आहे आणि तिला चार तासांचे किती मिळाले असतील याचा अंदाज तुम्हीच करा. आंध्रातल्या नरसापूर भागात बायका पिढ्यान्‌पिढ्या घरी बसून क्रोशाची लेस विणत आल्या आहेत. ती परदेशात जाते, पैसे नगावर मिळतात. त्या दीडशेशी स्पर्धा करायला जाऊ नका, तुमचं गिऱ्हाईक ते नाही.

दिवसाचं म्हणाल तर नवं काम सकाळी, कारण गडद धाग्यावरचे टाके रात्री दिसत नाहीत. दुपार फोटो, कुरिअर आणि "अजून पाठवलं नाही का?" या मेसेजांत जाते. संध्याकाळी मालिका बघत पाय नि कान विणायचे, त्यांना डोकं लागत नाही. अंगठ्याच्या मुळाशी ठणका लागला की त्या दिवशी सुई खाली ठेवायची, तिथे हट्ट नको. वर्षात दिवाळीच्या आधी आणि लग्नसराईत श्वास घ्यायला फुरसत नसते, आणि मग आषाढात फोनच वाजत नाही.

म्हणून नोकरी लगेच सोडू नका. एक दिवाळी आणि एक आषाढ नोकरी सांभाळून काढा. प्रत्येक वस्तूपुढे तास लिहा, फोनवर आलेल्या गिऱ्हाइकाशी घासाघीस केलेली मिनिटंसुद्धा त्यातच धरा. आषाढातल्या कमाईत तुमचं घरभाडं आणि किराणा निघाला तर राजीनामा द्या.