‘माह्यं काय चुकलं बाई?’

प्रिय बेटा,

त्या सहा वर्षांच्या मुलीबद्दल तू लिहिलंस ते मी दोनदा वाचलं. आईनं ओढणी सोडली, पोरीचं डोकं तुझ्यापुढे वाकवलं, कानामागे केस गेलेली रुपयाएवढी गुळगुळीत चकती, आणि आई एवढंच म्हणाली, "माह्यं काय चुकलं बाई?" तू "काळजी करू नका" म्हणालीस आणि रात्रभर तुला झोप आली नाही. नोकरीच्या पहिल्याच वर्षी तुला हे टोचलं, याचं मला बरं वाटलं. मला टोचायला फार वर्षं लागली.

लेकराचे केस गेले की आईबाप "कावून गेले?" असं विचारतात. त्यात दोन प्रश्न असतात, एक कारणाचा आणि एक दोषाचा. आपण शिकलेली माणसं कारणाच्या मागे लागतो आणि दोषाचा प्रश्न तसाच राहतो. त्याचं उत्तर आधी दे. "तुमच्यामुळे झालं नाही" हे वाक्य आईकडे पाहून, सासू-नवऱ्याला ऐकू जाईल असं बोल. बाकीचं नंतर.

हे मी कशी शिकले ते सांगते. मी यवतमाळकडच्या एका उपकेंद्रात होते. सात वर्षांचा पोरगा, डोक्याच्या मागच्या बाजूला दोन चकत्या. ओसरीवर बाजेवर सासू बसलेली, सून पोराला धरून उभी. मी नुकतीच कुठल्याशा प्रशिक्षणात ताणाबद्दल ऐकून आले होते. सगळ्यांसमोर विचारलं, "घरात भांडणं होतात का? पोरगं टेन्शन घेतं का?" मला वाटलं, मी फार खोलातलं विचारते आहे. सासूनं लगेच सुनेकडे बोट केलं, "पाह्य, सिस्टरबाईनंच सांगतलं. तुयाच कटकटीनं झालं हे." पुढच्या महिन्यात ती बाई माहेरी होती. आठ महिन्यांनी पोराचे केस आपोआप आले. ती मात्र दिवाळीनंतर परत आली, आणि उपकेंद्रावरून जाताना माझ्याकडे पाहायची नाही. मी कधी तिच्या घरी जाऊन "ते माझं चुकलं" असं म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं.

त्या पोराला चाई पडली होती. चाईमध्ये शरीराचं संरक्षण करणाऱ्या पेशीच केसांच्या मुळांवर उलटतात. आईच्या बोलण्यानं, बापाच्या ओरडण्यानं, एखाद्या दिवशी डबा न दिल्यानं ते होत नाही. काही घरांत आजीला, मामाला आधी झालेली असते, कुणाला दम्याचा किंवा थायरॉइडचा त्रास असतो, तेवढं विचार. पण मूळ जिवंत असतं, म्हणून केस परत येऊ शकतात, हे आवर्जून सांग. एकदोनच चकत्या असतील तर बऱ्याच लेकरांचे वर्षभरात भरून येतात. काहींचे पुन्हा जातात, थोड्यांचं सगळं डोकं जातं. हेही लपवू नकोस, फक्त पहिल्याच दिवशी सगळं ओतू नकोस.

पण चाई म्हणायच्या आधी डोकं नीट पाहा. खोलीतल्या बल्बखाली पाहू नकोस, लेकराला अंगणात उन्हात बसव. चाईची जागा तळहातासारखी गुळगुळीत असते, कोंडा नाही, लाली नाही. कडेला कधी कधी आखूड केस दिसतात, टोकाला जाड आणि मुळाशी बारीक. नखंही पाहा, त्यांवर सुईनं टोचल्यासारखे खड्डे असतील तर लिहून ठेव. आता दुसरं डोकं डोळ्यांपुढे आण: पापुद्रे निघतात, केस मुळाशी तुटून काळे ठिपके राहिलेत, खाजतं, मानेच्या मागे गाठी लागतात. हा डोक्यातला नायटा. हा बुरशीचा, आणि हा पसरतो. एकदा मी याला चाई समजून परत पाठवलं होतं आणि महिन्याभरात त्याच घरातली दोन लेकरं आली. नायट्याला नुसतं मलम पुरत नाही, बुरशी केसाच्या आत शिरलेली असते. डॉक्टरांनी तपासून दिलेली पोटातली गोळीच लागते, तीही सहा-आठ आठवडे. ग्रिझिओफल्विन दिली असेल तर दूध किंवा तुपाच्या जेवणासोबत द्यायला सांग, स्निग्ध पदार्थाबरोबर ती अंगी लागते. कंगवा, टोपी, उशीचा अभ्रा वेगळा. औषध सुरू झालं की शाळा बुडवायची गरज नसते.

बाकीचे प्रकार ओळखायला सोपे आहेत. सगळ्या डोक्याचे केस मुठीनं गळत असतील तर दोन-तीन महिन्यांपूर्वी टायफॉइड, डेंग्यू असा मोठा ताप येऊन गेला का विचार. ते केस सहा महिन्यांत येतात. तान्ह्याच्या डोक्याची मागची बाजू उघडी पडली तर ते उशीवर घासून होतं. आणि चकतीत कमीजास्त लांबीचे तुटके केस दिसले तर लेकरू स्वतः उपटतं आहे का, हे आईला बाजूला घेऊन, हळू आवाजात विचार. ओसरीवर नाही.

आता आईबाप स्वतः जी कारणं आणतात त्यांच्याकडे येते. ऐकून हसू नकोस, हात झटकू नकोस. "पाणी खराब हाये" असं खारपाणपट्ट्यातला बाप म्हणतो तेव्हा तो जन्मभर ते खारट पाणी पीत आलेला असतो. "फवारनीनं झालं असन" म्हणणाऱ्यानं २०१७ साल पाहिलेलं असतं. त्या वर्षी एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले. असा माणूस औषधाच्या डब्यावर संशय घेतो, तर त्यात वेडेपणा काय आहे?

आणि तुझ्या गावापासून शेगाव किती दूर आहे? २०२४च्या डिसेंबरपासून शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस काही दिवसांतच गेले, त्यात शाळकरी मुलंही होती. आधी पाण्यावर बोट, मग शांपूवर, मग बुरशीवर. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची माणसं येऊन नमुने घेऊन गेली. मग डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्या गावांत जाऊन रेशनचा गहू, लोकांचं रक्त, लघवी, केस तपासून घेतले आणि सेलेनियम फार वाढल्याचं सांगितलं. पुढे काहींची नखंही गळाली. सेलेनियम अंगात जास्त झालं की केसांसोबत नखंही जातात. म्हणून तुझ्यासाठी यातलं कामाचं एवढंच: एका घरात एका लेकराला एक चकती असेल तर तो त्या लेकराचा आजार. एकाच आठवड्यात पाच घरांतून लहानमोठ्यांचे केस जाऊ लागले तर तो गावाचा प्रश्न, त्याच दिवशी वैद्यकीय अधिकाऱ्यांना फोन कर आणि गहू कुठला, पाणी कुठलं ते लिहून ठेव. पहिल्या प्रकारच्या घरात मात्र विहिरीचं पाणी तपासायला तालुक्याला चार खेपा घालू देऊ नकोस. मजुरी बुडते आणि कागदावर काही येत नाही.

नजर, जावळ चुकलं, देवाचं राहिलं, हेही निघेल. जावळाचा नवस फेडायचा असेल तर फेडू दे, त्यानं लेकराला इजा होत नाही. इजा होते ती बिब्ब्यानं. बिब्ब्याचं तेल लावून फोडांनी भरलेली डोकी मी पाहिली आहेत, आणि तिथं जखम खोल गेली तर वण पडून केस कायमचे जातात. गुंज उगाळून लावतात, ती बी लेकराच्या तोंडात गेली तर जीवघेणी आहे. कांद्याचा रस झोंबतो, तोही नको म्हण. मेडिकलवरून विचारून आणलेली ट्यूबही नको. त्यात बहुतेक वेळा स्टेरॉइड असतं आणि नायट्यावर लावलं की तो दबल्यासारखा दिसून आणखी पसरतो.

बापाशी वेगळं बोल. बाप गप्प असतो आणि मोबाइलवर पाहतो. तो तुला नव्या गोळ्यांबद्दल विचारील. अमेरिकेत २०२३ मध्ये बारा वर्षांपुढच्या मुलांच्या मोठ्या चाईसाठी रिटलेसिटिनिब मंजूर झाली, हे खरं आहे. या मुलीचं वय सहा आणि चकती एक, तिचा तो विषय नाही, हेही तितकंच खरं. त्याला तेवढ्यावर सोडू नकोस. अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात त्वचारोगाचा विभाग आहे, तिकडे चिठ्ठी दे, कोणत्या दिवशी जायचं ते फोन करून विचार, पहिली एसटी कितीला निघते ते सांग. पोरीचा बाप असेल तर त्याच्या मनातला खरा प्रश्न तो विचारणारच नाही: "हिचं लगन कोन करन?" त्यानं न विचारताच तू सांग की मुलगी सहा वर्षांची आहे आणि केसाची मुळं जिवंत आहेत.

शाळेत एकदा जा. बाईंना सांग की चाई लागत नाही, शेजारी बसल्यानं होत नाही, आणि मुलीला डोक्याला रुमाल बांधून बसू द्या. "टकली" हा शब्द वर्गात एकदा रुजला की केस आल्यावरही जात नाही. आणि मुलीशी बोल. सगळे तिच्या डोक्याबद्दल बोलतात, तिच्याशी कुणी बोलत नाही. "दुखत नाही ना? हे तुझ्यामुळे झालं नाही" एवढं तिलाही सांग. सहा वर्षांची पोरंही स्वतःला दोष देतात.

पुढच्या आठवड्यात त्यांच्या घरी जाशील तेव्हा एक गोष्ट आईला आधीच सांगून ठेव. चकतीत पहिले केस येतात ते पुष्कळदा पांढरे आणि लवेसारखे मऊ असतात. ते पाहून आया घाबरतात, पोरगी म्हातारी झाली म्हणून रडतात, कुणी ते काढूनही टाकतात. काढू नका म्हण. काळे मागाहून येतात. ते दिसले की मला फोन कर, रात्र झाली असली तरी.

तुझी,
जुन्या उपकेंद्राची सिस्टरबाई