झोप येते हे शेठला सांगायचं कसं? कळंबोलीच्या एका नव्या ड्रायव्हरची गोष्ट

मी दर गुरुवारी कळंबोलीच्या स्टील मार्केटजवळ बसते. ड्रायव्हर लोकांसाठी एक छोटं आरोग्य केंद्र आहे, डोळे तपासायचं एक टेबल, शुगर-बीपीचं एक टेबल आणि कोपऱ्यात पडद्यामागे मी. आधी माझ्या टेबलावर 'समुपदेशन' असा बोर्ड होता, तो वाचून माणसं लांबून वळसा घालून जायची, शेवटी काढून टाकला. आता बीपीवाली सिस्टर ज्याला पाठवते तो येतो, तोही बहुतेक "सिस्टर बोलल्या म्हणून आलो" असंच म्हणत.

मला तिथे सगळ्यात जास्त वेळा ऐकायला मिळणारी चिंता एकच आहे. नवीन लागलोय, रात्री झोप आवरत नाही, बाकीचे दोन-दोन रात्री ओढतात, मग माझ्यातच काही कमी आहे का? हेच विचारत आलेल्या एका पोराची गोष्ट सांगते, त्याला विचारून सांगतेय, ओळखू येणार नाही असं थोडंफार बदललंय.

पोरगा जत भागातला, २३ वर्षांचा. आधी चार सीझन कारखान्याला ऊस ओढणारा ट्रॅक्टर चालवलेला, त्यामुळे स्टेअरिंगची भीती अशी नाही. हेवीचं लायसन काढलं आणि दोन गाड्या असलेल्या एका शेठकडे सोळा टायरच्या ट्रकवर लागला. कळंबोली ते बेंगळुरू, जाताना स्टीलची कॉइल, येताना मिळेल ते भाडं. क्लीनर नाही, आजकाल बरेच मालक देतच नाहीत. बीपी १५०च्या वर, त्या वयाला म्हणून सिस्टरने माझ्याकडे ढकलला.

बसला, रुमाल पिळत राहिला आणि म्हणाला, "मॅडम, मला झोपंची गोळी देताय का? न्हाय तर जागं राहायची द्या."

म्हटलं दोन्ही एकदम कशाला रे? तर हसला नाही.

माझी चूक इथे कबूल करते. पहिल्या दिवशी मी त्याला आपलं नेहमीचं दिलं, खोल श्वास घे, चार मोजत आत, सहा मोजत बाहेर. पुढच्या ट्रिपनंतर आला तेव्हा अगदी नम्रपणे म्हणाला, "मॅडम ते श्वासाचं केलं, पर त्यानं अजूनच झोप येतीया." आता पडद्यापलीकडून सिस्टर हसली ती मला ऐकू आली. मग मी वही बाजूला ठेवली आणि म्हटलं, मला काही सल्ला द्यायचा नाही, तू इथे पहिल्यांदा आलास त्याच्या आधीच्या ट्रिपला सकाळी किती वाजता उठलास तिथून सांग.

तर ते असं निघालं. लोडिंगच्या दिवशी सकाळी सहाला उठला. यार्डात नंबर लावला. क्रेन मोकळी नाही, मग कागद नाही, मग कॉइल बदलली, दिवसभर गाडीच्या आसपास. मुनीम कधी हाक मारेल सांगता येत नाही म्हणून झोपला नाही. संध्याकाळी सातला लोड झाला, साखळ्या आवळल्या, ताडपत्री बांधली, नऊला निघाला. अकरा वाजता तो घाटाखालीच होता आणि तेव्हा त्याला जागून १७ तास झालेले होते. सतरा तास जागलेल्या माणसाचा मेंदू दारूचे एक-दोन पेग घेतलेल्या माणसासारखा चालतो, याचे प्रयोग नव्वदच्या दशकातच झालेत. म्हणजे खरी रात्र सुरू व्हायच्या आधीच आमचा हिरो एका परीने पिऊन बसलेला, आणि स्वतःला दोष काय देत होता, तर माझ्यात दम नाही.

रात्रभर चालवून सकाळी कोल्हापूर. तिथे पंपावर दोन तास झोप, तीही अर्धवट, कारण गाडी २०१७ची, केबिन तापलेली. (एसी केबिनचा नियम आलाय, पण तो १ ऑक्टोबर २०२५ पासून बनलेल्या गाड्यांना, जुन्या गाडीतल्या पोराला त्याचा काय उपयोग.) शिवाय डिझेल चोरतील, स्टेपनी काढतील म्हणून एक डोळा उघडाच. परत दिवसभर गाडी, रात्री हुबळीला जेवण, साडेबाराला निघाला.

इथे थांबला. चहा आणला मी, प्यायला नाही.

"राणेबेन्नूरच्या अलीकडं," म्हणाला. "साडेतीन वाजलं आस्तील. रस्ता सरळ. मी जागाच हुतो मॅडम, डोळं उघडं हुतं. आन् एकदम खडखडखडखड… डावी चाकं खाली खडीत. फुडं पुलाचा कठडा." ओढून गाडी वर घेतली, जोरात ब्रेक मारला नाही हे नशीब, कारण मागे पंचवीस टनाची कॉइल, ती सुटली तर थेट केबिनमध्ये येते, हे त्याच्या उस्तादाने पहिल्याच दिवशी सांगितलेलं. पुढे दहा मिनिटं बाजूला उभा राहून पाय कापत होते. आणि ही गोष्ट त्याने कोणालाच सांगितली नव्हती. शेठ काढून टाकेल, बायको सातव्या महिन्यात माहेरी, आई तर लगेच म्हणेल परत ये ट्रॅक्टरवर. तेव्हापासून जिथे थांबेल तिथे डोळे मिटले की ती खडखड ऐकू येते, दचकून उठतो. म्हणून झोपेची गोळी. आणि दिवसा झोप नाही म्हणून रात्री जागं राहायची गोळी. बघा, पहिल्या दिवशी त्याने अगदी बरोबर सांगितलं होतं, मला कळलं नाही.

मग मी त्याला काय सांगितलं ते लिहिते, कारण हे बऱ्याच जणांच्या कामाचं आहे. ते जे झालं त्याला झोप 'येणं' नाही म्हणत, ती आलेली असते. डोळे उघडे, मेंदू तीन-चार सेकंद बंद. ताशी साठला चार सेकंद म्हणजे जवळपास ६७ मीटर, त्याची गाडी एकामागे एक पाच उभ्या केल्या तर होतील तेवढं, आणि तेवढं अंतर गाडी कोणीच चालवत नव्हतं. खिडकी उघडणं, जोरात गाणी, तोंडावर पाणी, तंबाखूचा बार, हिरवी मिरची चावणं, सगळं पाच-दहा मिनिटांचं. रात्री दोन ते पहाटे सहा आणि दुपारी साधारण एक ते चार शरीर स्वतःच खाली जातं, माझं, तुमचं, तीस वर्षं गाडी चालवलेल्या उस्तादाचंही. उस्तादाला फक्त कुठे थांबायचं ते माहीत असतं. जे फुशारकी मारतात ना दोन रात्री ओढल्या म्हणून, त्यांना राणेबेन्नूरसारखं काही झालं का हे ते ढाब्यावर सांगणार नाहीत. हा पोरगा तरी कुठे सांगत होता.

जागं राहायच्या गोळीबद्दल एकदम स्पष्ट बोलले. ढाब्यावर कोणी गोळी देईल, उत्तरेकडच्या रस्त्याला डोडा देईल, घ्यायचं नाही. डोडा म्हणजे अफूचीच बोंडं, सापडलास तर थेट आत, आणि गोळी झोप पुसत नाही, नुसती उधार ठेवते आणि मग भलत्याच वळणावर वसूल करते.

मग आम्ही दोघांनी मिळून त्याच्या पुढच्या ट्रिपचा हिशोब बिल्टीच्या, म्हणजे मालाच्या पावतीच्या, मागच्या कोऱ्या बाजूवर मांडला. पहिली झोप रस्त्यात नाही, यार्डात. नंबर लावला की मुनीमला फोन नंबर द्यायचा, दहा रुपयाचा चहा पाजायचा, सांगायचं "माझा नंबर आला की फोन करा, मी केबिनमध्ये पडतोय" आणि दुपारी तीन तास सरळ आडवं व्हायचं. हे त्याला पटेना, यार्डात झोपलेला दिसलो तर लोक काय म्हणतील. म्हटलं, लोक म्हणतील झोपलाय.

रात्री दोनच्या आत थांबायचं, पहाटे पाच-सहापर्यंत गाडी बंद. मध्येच डोळे जड झाले तर चहा किंवा कॉफी पिऊन लगेच वीस मिनिटांचा अलार्म लावून पडायचं, चहाचा असर व्हायला तेवढा वेळ लागतोच, दोन्ही एकदम उपयोगी येतात, उठल्यावर पाच-दहा मिनिटं गाडीभोवती फेरी मारून टायर बघायचे आणि मगच निघायचं. थांबायचं तर उजेड असलेल्या पंपावर, जिथे डिझेल भरतो तिथेच, पंपवाल्याला सांगून, आणि डिझेल टाकीची बाजू भिंतीला किंवा ओळखीच्या गाडीला चिकटवून. ही टाकीची युक्ती माझी नाही हो, बाहेर चहाच्या टपरीवर एक रिटायर उस्ताद बसतात त्यांची आहे, माझं निम्मं समुपदेशन त्यांच्याकडूनच येतं.

आता शेठ. सगळं गाडं इथेच अडतं. पोरगा म्हणतो, "शेठ म्हणत्यात दीड दिवसात पोच कर, न्हाय तर ई-वे बिल संपंल." (ई-वे बिल म्हणजे माल नेताना सोबत लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद, त्याला मुदत असते.) मी म्हटलं दाखव बिल. फोनमध्ये होतं, काढलं. अंतर साडेनऊशेच्या आसपास, आणि मुदत? पाच दिवस. १ जानेवारी २०२१ पासून दर २०० किलोमीटरला किंवा उरलेल्या तुकड्याला एक दिवस असा हिशोब आहे, आणि तरी काही अडलंच तर मुदत संपायच्या ८ तास आधीपासून ८ तास नंतरपर्यंत ट्रान्सपोर्टवाल्याला ती वाढवून घेता येते. तो ते बिल कितीतरी वेळ नुसता बघत बसला. चार महिने तो ज्या भीतीने पळत होता त्याची तारीख त्याच्याच खिशात होती आणि त्याने ती वाचलीच नव्हती. नव्या पोरांना माझं हेच सांगणं असतं, आपल्या गाडीचे कागद स्वतः वाचा. दिवसाला ८ तास, लांब पल्ल्याला फार तर १०, सलग ५ तासांनंतर अर्धा तास विश्रांती, हे १९६१च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात लिहून ठेवलेलं होतं (२०२५च्या नोव्हेंबरात त्याच्या जागी नवी कामगार संहिता आली), पण कायदा दाखवून शेठ ऐकत नसतो. शेठ ऐकतो ते आकडा ऐकून.

म्हणून फोनवर काय बोलायचं त्याची आम्ही चक्क प्रॅक्टिस केली, मी शेठ झाले. पहिल्यांदा तो बोलला, "शेठ, जरा झोप येतीया, थांबू का?" मी म्हटलं "नाही!" आणि फोन ठेवला. दोन-तीनदा असं झाल्यावर तो वैतागला आणि मग बरोबर बोलला: "शेठ, नऊला निघतोय. दोनला साताऱ्याच्या पुढं पंपावर थांबणार, सहाला सुटणार. दुसरी रात्र हुबळीत. परवा संध्याकाळपर्यंत पोच घेतो." परवानगी नाही मागितली, निघायच्या आधीच वेळ सांगितली. रात्री दोनला झोपेत मागितलेली सवलत शेठला कामचुकारपणा वाटते, तीच गोष्ट संध्याकाळी सांगितली तर प्लॅन वाटतो. शेठ पहिल्यांदा बडबडलाच, "तू काय एस्टी चालवतोस काय टायमावर", पण काढलं नाही. चांगला ड्रायव्हर आज सहजासहजी मिळत नाही हे त्यालाही माहीत आहे.

त्या खडखडीचं काय? तिच्यासाठी मी त्याला दोन गोष्टी करायला लावल्या. एक, ती गोष्ट कोणाला तरी एकाला पूर्ण सांगायची, मी सोडून. त्याने टपरीवरच्या उस्तादाला सांगितली. उस्ताद म्हणे ऐकून नुसते "हं" म्हणाले आणि मग त्यांची स्वतःची सांगितली, वर्षानुवर्षांपूर्वीची, कसारा घाटातली. त्या "हं"ने जे काम केलं ते माझ्या चार सेशननी केलं नसतं. दुसरी, राणेबेन्नूरचा तो पट्टा काही ट्रिपा तरी दिवसाउजेडीच पार करायचा आणि एकदा तिथे बाजूला सुरक्षित जागा बघून थांबायचं, उतरायचं, तो कठडा बघायचा. "एवढासाच हाय मॅडम," म्हणाला नंतर.

बोलता बोलता बाकीच्या भीत्याही बाहेर आल्या. उताराला डिझेल वाचवायला न्यूट्रल करायला काही जण शिकवतात, ते कधीच करायचं नाही. कात्रजचा नवा बोगदा सोडला की नवले पुलापर्यंतचा उतार आठवा, नोव्हेंबर २०२२ मध्ये एका ट्रकने तिथे कितीतरी गाड्या ठोकल्या होत्या. न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो, लायनर तापतात, मग पाय दाबून उपयोग नाही, आणि इंजिनच बंद केलं तर हवा भरणंही बंद. ज्या गिअरला चढाल त्या गिअरला उतरा, ही जुन्या लोकांची गोष्ट अजून खरी आहे.

आणि अ‍ॅक्सिडेंट झाला तर लोक मारतील, पळून जायचं का? पळायचं नाही. मोटार वाहन कायद्याच्या १३४ कलमात जखमीला दवाखान्यात पोचवायची जबाबदारी ड्रायव्हरवर आहे, पण जमावाच्या रागामुळे ते शक्य नसेल तर त्याची सूट त्याच कलमात आहे. जीव वाचवायला बाजूला झालास तरी ११२ला फोन कर, १०८ला कर आणि जवळचं पोलीस स्टेशन गाठून स्वतः सांग, जेवढं लवकर तेवढं बरं, २४ तासाच्या आत तर नक्कीच. हायवेवर नुसती गाडी बंद पडली तर १०३३. आणि रात्री-बेरात्री कॅबिनमध्ये एकटं वाटून डोकं भणभणलं तर १४४१६, टेलिमानस, म्हणजे सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, फुकट आहे, मराठीत बोलतात. हे चार नंबर त्याने डॅशबोर्डवर देवाच्या फोटोखाली पेनने लिहून चिकटवलेत.

अडीच महिन्यांनी बीपी १३०वर आला. सगळं छान झालंय असं नाही, एकदा शेठशी कडाक्याचं भांडण झालं, एकदा दोनच्या ऐवजी साडेतीनपर्यंत ओढली आणि मला येऊन सांगितलं, मुलगी झाली त्या आठवड्यात तर झोपेचा सगळा हिशोबच बोंबलला. बिल्टीच्या मागे अजून लिहितो, कुठे किती तास.

परवा दुपारी दोनला त्याचा मिस कॉल. घाबरून मी लगेच उलटा लावला, काय झालं रे? पलीकडून जड आवाज आला, "मॅडम, चुकून लागला. नंबर लावलाय, झोपलोय."