वाचकांचे प्रश्न : ‘कारणे द्या’ने विचार तपासला जातो का?

प्रश्न : मी गुहागर तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत सातवीला भूगोल शिकवते. घटक चाचणीचा संविधान तक्ता (कोणत्या उद्दिष्टाला किती गुण, याची आखणी) भरताना ज्ञान, आकलन, उपयोजन आणि कौशल्य यांना गुण वाटून देते आणि प्रश्नही त्याप्रमाणेच काढते. तरीही ‘कारणे द्या’ या प्रश्नाची बहुतेक उत्तरे एकाच वाक्यरचनेत येतात आणि भरती-ओहोटीवर थोडा वेगळा प्रश्न विचारला की निम्मा वर्ग जागा कोरी सोडतो. माझा तक्ता कोठे चुकतो?
— एक शिक्षिका, गुहागर तालुका

उत्तर : आपला तक्ता बरोबरच असेल, परंतु त्याच्या रकान्यांत प्रश्न बसवताना आपण बहुधा प्रश्नाचे क्रियापद पाहत असाल आणि घोटाळा तेथे होतो. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये बोधात्मक, म्हणजे जाणण्याच्या व विचार करण्याच्या, उद्दिष्टांच्या ज्ञान, आकलन, उपयोजन, विश्लेषण, संश्लेषण आणि मूल्यमापन अशा सहा पायऱ्या मांडल्या. २००१ मध्ये अँडरसन आणि क्रॅथवोल यांनी त्यांची सुधारित मांडणी केली, तेव्हा पायऱ्यांची नावेच क्रियापदांत दिली गेली आणि निर्मितीला सर्वांत वरचे स्थान मिळाले. त्यानंतर ‘सांगा’ म्हणजे स्मरण, ‘स्पष्ट करा’ म्हणजे आकलन, ‘कारणे द्या’ म्हणजे त्याहून वरचे काही, अशा याद्या शिक्षकांच्या टाचणवहीत कायमच्या येऊन बसल्या. या याद्या नवख्या शिक्षकाला उपयोगी पडतात, हे खरे. मात्र एखादा प्रश्न कोणत्या पायरीवरचा, हे त्या मुलाला आधी काय सांगितले गेले आहे यावर ठरते. ‘अमावस्येला उधाणाची भरती येते, कारण द्या’ या प्रश्नाचे उत्तर ज्याने फळ्यावरून वहीत उतरवून घेतले आहे, त्याच्यासाठी तो निव्वळ आठवण्याचा प्रश्न आहे, मग तक्त्यात तो कोणत्याही रकान्यात असो. आपल्या वर्गातली उत्तरे एका छापाची येतात, याचा अर्थ मुलांनी आठवण्याचे काम नीट केले आहे, इतकाच.

पाठातली माहिती तीच ठेवून प्रसंग नवा द्यावा. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे जाते आणि भरतीनंतर सहा तासांहून थोड्या अधिक वेळाने ओहोटी होते, एवढे मुलांना शिकवलेले आहे असे धरू. आता असे विचारता येईल : ‘शुक्रवारी, वद्य अष्टमीला, सकाळी सहाच्या सुमारास खाडीला पूर्ण भरती होती. रविवारी दिवसा तिसऱ्या (शिंपल्या) काढायला खाडीत उतरायचे असेल, तर साधारण कोणती वेळ सर्वांत सोयीची ठरेल? ती कशी काढली ते लिहा.’ रविवारची भरती सुमारे सात वाजून चाळीस मिनिटांनी येईल आणि पाणी दुपारी दोनच्या थोडे आधी सर्वांत खाली गेलेले असेल. हे उत्तर वहीत कोठेही लिहिलेले नसल्याने मुलाला दोन तथ्ये जोडावी लागतात आणि शिवाय आपल्याला भरती हवी की ओहोटी, हेही स्वतःच ठरवावे लागते. मात्र पुढच्या चाचणीत शुक्रवारऐवजी सोमवार घालून हाच प्रश्न पुन्हा दिला, तर तो सरावाचे गणित होऊन जातो. उपयोजनाचे प्रश्न टिकाऊ नसतात, आणि त्यामुळेच अपेक्षित प्रश्नसंचात छापलेला उपयोजनाचा प्रश्न छापला जाताच आपली पायरी सोडून खाली येतो.

याच प्रश्नावर बंदरावरचे एखादे मूल लिहील की, दशमीला भांगाचे पाणी (अष्टमीच्या सुमाराची लहान भरती-ओहोटी) असल्याने ते फारसे ओसरत नाही, तेव्हा तिसऱ्या काढायला चार-पाच दिवस थांबून अमावस्येचे उधाण गाठावे. उत्तरसूचीत हे वाक्य नसले तरी त्या मुलाला पूर्ण गुण द्यावेत, कारण त्याने वेळेच्या हिशेबाला पाठातला उधाण-भांगाचा भागही जोडला आहे. येथे एक अडचण मात्र ध्यानात ठेवायला हवी. आपल्याकडे एकाच वर्गात बंदरावरची मुले असतात आणि सड्यावरच्या (वरच्या खडकाळ पठारावरच्या) वाड्यांतून चालत येणारी मुलेही असतात. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायचा हिशेब बंदरावरच्या मुलाने घरी ऐकलेला असतो, तर सड्यावरच्या मुलाला तो ठाऊक असण्याचे कारण नाही. म्हणून असा स्थानिक संदर्भ घेताना लागणारी माहिती प्रश्नातच द्यावी. ‘काही मच्छीमार तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, उदाहरणार्थ अष्टमीला सहा’ एवढे सांगून, त्या हिशेबाने दशमीची वेळ काढायला लावावी आणि पाठातल्या ५० मिनिटांच्या नियमाने येणाऱ्या वेळेशी ती ताडून पाहायला सांगावे. पाऊणपटीने साडेसात येतात, म्हणजे दोन्हींत दहा मिनिटांचा फरक पडतो. हा फरक तिसऱ्या काढणाऱ्याला चालेल का, आणि उथळ खाडीमुखातून होडी बाहेर काढणाऱ्याला चालेल का, असे पुढे विचारले की प्रश्न मूल्यमापनाच्या पायरीवर जातो आणि दोन्ही घरांतली मुले एकाच रेषेवरून निघतात.

आणखी एक गोष्ट अनेकांच्या तक्त्यांत चुकलेली दिसते, ती म्हणजे अवघड प्रश्नाला वरच्या पायरीचा प्रश्न समजणे. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी आणि मुचकुंदी या नद्या उत्तरेकडून दक्षिणेकडे क्रमाने लिहायला सांगितल्या, तर पुष्कळ मुले चुकतील, तरीही तो प्रश्न स्मरणाचाच राहील. असे प्रश्न चाचणीत असावेत, कारण नद्यांची नावेच ठाऊक नसतील तर पुढचा विचार कशाच्या आधारावर करणार? वीस गुणांच्या घटक चाचणीत नव्या प्रसंगाचा तीन-चार गुणांचा एक प्रश्न माझ्या मते पुरेसा आहे, परंतु तसले प्रश्न वर्गात तोंडी आधी झालेले असावेत. ज्या मुलांनी असा प्रश्न कधी ऐकलेलाच नाही, ती चाचणीत जागा कोरी सोडणारच.

प्रश्न : आमच्या शाळेत विज्ञानाला नव्या प्रसंगाचे प्रश्न देऊन पाहिले. उत्तरे इतकी निरनिराळी आली की गुण कसे द्यावेत हे कळेना, आणि पालकही विचारू लागले. त्यापेक्षा नेहमीचे प्रश्न बरे, असे सहकाऱ्यांचे म्हणणे पडले.
— एक शिक्षक, देवगड तालुका

उत्तर : सहकाऱ्यांची तक्रार रास्त आहे, कारण प्रश्न काढताना उत्तरसूची तयार केली नाही तर तपासणी मर्जीवर जाते. परासरण (पातळ द्रावणातले पाणी पटलातून अधिक संहत, म्हणजे दाट, द्रावणाकडे जाणे) शिकवताना पाण्यात टाकलेले बेदाणे फुगतात हे नेहमीचे उदाहरण वर्गात झालेले असते, तेव्हा चाचणीत ‘मीठ लावून ठेवलेल्या कैरीच्या फोडींना पाणी का सुटते?’ असे तीन गुणांना विचारावे. पाणी फोडींतून बाहेर येते हे सांगितल्यास एक गुण, बाहेर मिठाचे द्रावण अधिक संहत आहे हे सांगितल्यास दुसरा आणि पेशींच्या निवडक्षम पटलातून पाणी जाते हे सांगितल्यास तिसरा, असे प्रश्न छापण्यापूर्वीच लिहून ठेवावे. ‘मीठ पाणी ओढून घेते’ हे उत्तर घराघरांत ऐकायला मिळते आणि मुलेही तेच लिहितील. त्यात पाण्याची दिशा बरोबर आहे, म्हणून मी त्याला एक गुण देईन, अधिक नाही. नुसता ‘परासरणामुळे’ असा शब्द लिहिणाऱ्यालाही एकापेक्षा जास्त गुण देऊ नयेत, कारण पाठाचे नाव लिहिणे म्हणजे कारण देणे नव्हे. या मुद्द्यावर काही शिक्षक सहमत होणार नाहीत.

सूची तयार झाल्यावर वेगवेगळ्या वकुबाच्या मुलांच्या पाच-सहा उत्तरपत्रिका दोन शिक्षकांनी एकमेकांचे गुण न पाहता तपासाव्यात आणि जेथे गुणांत फरक पडेल तेथे सूचीतले वाक्य दुरुस्त करूनच उरलेला गठ्ठा हाती घ्यावा. पालकांना दाखवायला तीच सूची उपयोगी पडते. प्रश्नाची भाषाही एकदा तपासून घ्यावी. तीन ओळींच्या मिश्र वाक्यात विचारलेला प्रश्न विज्ञान तपासत आहे की वाचन, हे मग सांगता येत नाही. मला आलेल्या प्रश्नपत्रिकांत हा दोष सर्वाधिक आढळतो, आणि तो करणाऱ्यांना आपला प्रश्न उच्च पातळीचा वाटत असतो.

प्रश्न : मी इतिहास शिकवतो. बहुपर्यायी प्रश्नांतून सनावळीपलीकडे काही तपासता येते का?
— एक शिक्षक, मालवण

उत्तर : येते, फक्त चुकीचे पर्याय विचारपूर्वक घडवावे लागतात. आपल्या समोरच्या सिंधुदुर्गाचेच उदाहरण घ्या. ‘किल्ल्याचे बांधकाम कोणत्या वर्षी सुरू झाले?’ असे विचारून १६६४ च्या शेजारी आणखी तीन सन ठेवले, तर ज्याला उत्तर येत नाही तो चिठ्ठी टाकल्यासारखी खूण करतो आणि त्याच्या चुकीतून आपल्याला काहीच कळत नाही. त्याऐवजी दोन वाक्यांची माहिती द्यावी : ‘सिंधुदुर्ग हा कुरटे बेटावर बांधलेला किल्ला आहे. किल्ल्यात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत.’ त्यानंतर विचारावे की, शत्रूच्या आरमाराने किनाऱ्याकडची वाट बंद केली तर तग धरण्यासाठी कशाचा साठा आधीपासून करून ठेवणे सर्वांत आवश्यक होते, आणि पिण्याचे पाणी, धान्य, बांधकामाचा दगड व मासे असे चार पर्याय द्यावेत.

‘पिण्याचे पाणी’ हा पर्याय निवडणाऱ्या मुलाने भोवतीच्या समुद्राकडे पाहून नेहमीचा तर्क केला आणि दिलेली माहिती वापरली नाही, हे लगेच उमगते आणि दुसऱ्या दिवशी वर्गात नेमके त्यावर बोलता येते. प्रत्येक चुकीचा पर्याय मुलांच्या एखाद्या खऱ्या गैरसमजातून घ्यावा, आणि असे गैरसमज गेल्या वर्षीच्या उत्तरपत्रिकांत आयते सापडतात. ‘वरीलपैकी सर्व’ हा पर्याय शक्यतो टाळावा, कारण दोन पर्याय बरोबर आहेत एवढे ओळखणारे मूलही तिसरा न वाचता त्यावर खूण करते. पर्यायांची लांबीही सारखी ठेवावी. सर्वांत लांब पर्याय बरोबर असतो, हे मुलांनी केव्हाच हेरलेले असते.